रंगाखालचा रंग : आउटबोर्ड मोटरच्या टोपाचा इतिहास

इतिहासाची साधने कोणती, असा प्रश्न विचारला की विद्यार्थी यादी म्हणून दाखवतात : नाणी, शिलालेख, ताम्रपट, बखरी, पत्रे. यादी बरोबर आहे. पण तिच्यात यंत्रे सहसा नसतात आणि यंत्रावरचा रंग तर कधीच नसतो. वास्तविक गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास समजून घ्यायचा तर यंत्रांना वगळून चालणार नाही. हे साधन वाचायचे कसे, आणि ते दुरुस्त करताना त्यावरचा मजकूर पुसला जाऊ नये म्हणून काय काळजी घ्यायची, हे आपण एका लहानशा उदाहरणावरून पाहू.

उदाहरण आहे आउटबोर्ड मोटरच्या टोपाचे. मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या होड्यांच्या मागच्या फळीला असे इंजिन अडकवलेले आपण पाहिले असेल. वर इंजिन, त्याखाली उभा दांडा आणि पाण्यात बुडालेल्या टोकाशी पंखा. सबंध इंजिनच डावी-उजवीकडे फिरवले की होडी वळते, त्यामुळे वेगळे सुकाणू लागत नाही. इंजिनावर एक गुळगुळीत रंगीत झाकण असते. त्यालाच आम्ही या लेखात टोप म्हटले आहे. हा टोप इंजिनाबरोबर जन्माला आला नाही. तो आला सुमारे पंचवीस वर्षांनी. का आला, आणि आज अमेरिकेतील हौशी मंडळी जुने टोप दुरुस्त करून रंगवण्यात महिनेच्या महिने का घालवतात, या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत.

उघडे इंजिन

नावेच्या मागे अडकवायच्या इंजिनाची कल्पना एकाच माणसाची नाही. अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन यांनी १९०५ च्या सुमारास असे इंजिन बनवले आणि नंतर ते विकलेही. पण या यंत्राला घरोघरी पोचवले ते ओले एव्हिनरूड यांनी. त्यांचा जन्म १८७७ मध्ये नॉर्वेत झाला. लहानपणीच ते कुटुंबाबरोबर अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात आले. हा प्रदेश तळ्यांचा आहे. एका उन्हाळी दिवशी सहलीला गेले असता बेस कॅरी या तरुणीसाठी त्यांनी वल्ही मारत तळे ओलांडून आइस्क्रीम आणले, ते वाटेतच वितळले आणि त्यातून इंजिनाची कल्पना सुचली, अशी गोष्ट हमखास सांगितली जाते. न्यूटनच्या सफरचंदासारखीच ही गोष्ट आहे. ती खरी असो वा रंगवलेली, १९०७ पर्यंत त्यांचे पहिले इंजिन तयार झाले होते, १९०९ मध्ये मिलवॉकी शहरात उत्पादन सुरू झाले आणि १९११ मध्ये पेटंट मिळाले. हे इंजिन दीड अश्वशक्तीचे होते. वजन ६२ पौंड, म्हणजे सुमारे २८ किलो, आणि किंमत ६२ डॉलर.

बेस आता एव्हिनरूड यांची पत्नी झाली होती आणि धंद्याचा पत्रव्यवहार व जाहिराती तीच सांभाळत असे. पहिले इंजिन पाहून ते कॉफी दळायच्या यंत्रासारखे दिसते, असे ती म्हणाल्याचे सांगतात. जुनी छायाचित्रे पाहिली तर हे वर्णन अगदी पटते. आडवे सिलिंडर, वर उघडे गरगरणारे जडचक्र, बाजूला पितळी टाकी, सगळे डोळ्यांसमोर. जडचक्रावर एक मूठ असे. ती हाताने फिरवून इंजिन चालू करायचे. इंजिन चालू झाले की मूठही चक्राबरोबर फिरू लागे आणि हात वेळेवर काढला नाही तर बोटांची सालटी निघत. या इंजिनांना पुढे 'बोटेफोडी' अशा अर्थाचे टोपणनाव पडले, ते उगीच नव्हे.

बेसची प्रकृती बिघडल्याने १९१४ च्या सुमारास एव्हिनरूड यांनी कंपनी भागीदाराला विकली आणि पाच वर्षे या धंद्यात न उतरण्याचे वचन दिले. मुदत संपल्यावर ते परतले ते अ‍ॅल्युमिनियम घेऊन. १९२१ मध्ये बाजारात आलेले त्यांचे 'एल्टो' हे दोन सिलिंडरचे इंजिन तीन अश्वशक्तीचे असूनही आधीच्या इंजिनापेक्षा हलके होते. पाठोपाठ जॉन्सन बंधूंचे सुमारे १६ किलोचे इंजिन आले. लोखंड आणि पितळ मागे पडून अ‍ॅल्युमिनियमने त्यांची जागा घेतली, ही टोपाच्या इतिहासातील पहिली महत्त्वाची घटना. कारण पुढे टोप बनला तो याच धातूचा.

टोप का आला?

१९३४ मध्ये एव्हिनरूड कंपनीने झाकलेली इंजिने 'हूडेड पॉवर' या नावाने विकायला काढली. ओले एव्हिनरूड यांचे निधनही त्याच वर्षी झाले.

टोप येण्यामागे काही कारणे निखळ उपयोगाची होती. फिरत्या चक्रापासून हात आणि कपडे वाचावेत, ठिणगीच्या तारांवर पाणी उडू नये, आवाज कमी व्हावा. आणखी एक गोष्ट मुळातच अनुकूल होती. मोटारसायकलचे इंजिन हवेने थंड होते, म्हणून ते उघडे ठेवावे लागते. आउटबोर्ड मोटर ज्या पाण्यात चालते त्याच पाण्याने थंड होते. पंप खालून पाणी ओढतो, सिलिंडरभोवती फिरवतो आणि बाहेर सोडतो. त्यामुळे तिला झाकले तरी ती तापून बंद पडत नाही. फक्त पेट्रोल जाळायला लागणारी हवा आत येईल आणि पेट्रोलची वाफ साचून राहणार नाही, एवढी वाट टोपात ठेवावी लागते.

पण उपयोगाची ही कारणे १९०९ मध्येही होतीच. मग १९३४ च का? उत्तर यंत्रशास्त्रात नाही, बाजारात आहे. १९२९ नंतरच्या महामंदीत अमेरिकेतील कारखान्यांचा माल पडून राहिला. तेव्हा तोच माल नव्या रूपात पुढे ठेवण्यासाठी कारखानदारांनी आकृतिकारांना हाताशी धरले. आगगाड्या, शीतपेट्या, इस्त्र्या, पंखे सगळ्यांना पाण्याच्या थेंबासारखा निमुळता आकार आला. ताशी दहा-बारा किलोमीटर वेगाने जाणाऱ्या नावेच्या इंजिनाला हवेचा विरोध कितीसा होणार! तरीही त्याला विमानाच्या नाकासारखा टोप मिळाला. १९३६ च्या सुमारास जॉन मॉर्गन यांनी सिअर्स या दुकानासाठी आखलेले 'वॉटरविच' हे इंजिन याचा उत्तम नमुना आहे. ते आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन कलासंग्रहालयात आहे. कॉफीच्या यंत्रासारखे दिसणारे यंत्र तीस वर्षांच्या आत कलावस्तू होऊन बसले, ते टोपामुळे.

दुसरे महायुद्ध संपल्यावर टोप आणखी मोठा झाला. तोपर्यंत पेट्रोलची टाकी इंजिनालाच जोडलेली असे. १९४९ मध्ये जॉन्सन कंपनीने दहा अश्वशक्तीच्या इंजिनाची टाकी वेगळी करून नावेत ठेवली आणि रबरी नळीने इंजिनाला जोडली. आता डोक्यावर टाकी नसल्याने सगळे इंजिन एकाच टोपाखाली मावू लागले. पुढे मोठ्या इंजिनांवर अ‍ॅल्युमिनियमऐवजी काचतंतू आणि राळ यांचे टोपही आले.

जुने वाटावे म्हणून

टोप आल्यावर रंगाला जागा मिळाली. उघड्या इंजिनावर रंगवण्यासारखे फारसे काही नव्हते. आता एक मोठा, गुळगुळीत, सर्वांना दिसणारा पृष्ठभाग तयार झाला. १९५० च्या दशकाच्या मध्यावर मोटरगाड्यांप्रमाणे इंजिनांवरही दुरंगी जोड्या झळकू लागल्या. एव्हिनरूडचा निळा ओळखीचा झाला, तर मर्क्युरी कंपनीने १९६२ मध्ये काळा रंग घेतला आणि तो तिची खूण ठरला.

या काळातील एक नाव शिक्षकांनी लक्षात ठेवावे असे आहे : ब्रुक्स स्टीव्हन्स. हे मिलवॉकीचेच. १९४६ ची जीप स्टेशन वॅगन आणि १९४९ ची हार्ले-डेव्हिडसन हायड्रा-ग्लाइड यांचे रूप त्यांनी घडवले. एव्हिनरूडच्या इंजिनांचे रूपही अनेक वर्षे त्यांच्याच हातून घडले. 'नियोजित जुनेपणा' ही संज्ञा १९३२ मध्ये बर्नार्ड लंडन यांच्या एका पुस्तिकेत आली होती. पण ती गाजली स्टीव्हन्स यांनी १९५४ मध्ये केलेल्या भाषणानंतर. त्यांचे म्हणणे असे, की वस्तू लवकर मोडावी असा याचा अर्थ नाही. ग्राहकाला गरजेच्या थोडे आधीच, थोडे नवे, थोडे अधिक चांगले घ्यावेसे वाटले पाहिजे.

आउटबोर्ड मोटरकडे पाहिले की या विचाराची रीत स्पष्ट दिसते. टोपाखालचे इंजिन बरेचदा तेच राहते, टोपाचा आकार, रंग आणि त्यावरची चित्रपट्टी मात्र बदलते. गेल्या वर्षीचे इंजिन उत्तम चालत असूनही यंदा ते जुने दिसू लागते. म्हणजे ज्या वस्तूचे कामच काही वर्षांत जुनी वाटणे हे होते, तीच वस्तू आज साठ-सत्तर वर्षांनी माणसे जिवापाड जपतात. जुन्या आउटबोर्ड मोटरी जपणाऱ्यांचा अमेरिकेतील क्लब १९६५ मध्ये स्थापन झाला. एव्हिनरूड आणि जॉन्सन या दोन्ही नावांची मालक कंपनी २००० च्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली. नंतरच्या मालकांनी २०२० मध्ये एव्हिनरूडचे उत्पादनही थांबवले. कारखाना बंद झाला की मूळ वस्तूला साक्षीदार म्हणून वेगळेच मोल येते. छापील माहितीपत्रकात रंग दिसतो खरा, पण तो छपाईच्या शाईचा रंग असतो, टोपाचा नव्हे.

पोचा आणि साबणाची रेघ

आता दुरुस्तीकडे वळू. पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या टोपाला सर्वांत जास्त होणारी इजा म्हणजे पोचा. पोचा काढणे हे काम आपल्याकडील तांबटांना सांगायला नको. आतून आधार द्यायचा, बाहेरून लाकडी हातोड्याने हलके ठोके द्यायचे. पण ठोकत राहिले की धातू कडक होत जातो आणि शेवटी तडकतो. धातूच्या स्फटिकांतील थर एकमेकांवरून घसरतात म्हणून धातू वाकतो. ठोक्यांनी या थरांत गुंतागुंत वाढते आणि घसरणे अवघड होते. तांबट अशा वेळी भांडे भट्टीत लाल करतो. उष्णतेने स्फटिक नव्याने जुळतात आणि तांबे पुन्हा मऊ होते.

अ‍ॅल्युमिनियमला हा उपाय करताना एक अडचण येते. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून त्याआधी ते लाल झालेले दिसते. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळते आणि तोपर्यंत ते लाल झालेले डोळ्यांना दिसत नाही. रंग पाहून अंदाज बांधायला गेले तर टोपाला भोकच पडायचे. म्हणून कारागिरांनी एक सोपा तापमापक शोधून काढला. धातूवर साध्या साबणाची रेघ ओढायची आणि ज्योत लांबून फिरवत ठेवायची. साबण जळून रेघ काळपट झाली, की तापमान साधारण ३५० ते ४०० अंशांच्या घरात आले असे समजून ज्योत बाजूला घ्यायची. महागडे उपकरण नसताना पदार्थाच्या गुणधर्मावरून तापमान ओळखण्याचा हा नमुना भौतिकशास्त्राच्या तासाला सांगण्यासारखा आहे.

तडा गेला असेल तर त्याच्या टोकाशी बारीक भोक पाडतात. फाटलेल्या जागी आणखी भोक कशाला, असे विद्यार्थी विचारतील. तड्याच्या अणकुचीदार टोकावर सगळा ताण एकवटतो आणि तडा पुढे सरकतो. गोल भोकामुळे तो ताण पसरतो आणि तडा थांबतो. मग आर्गन वेल्डिंगने फट भरतात. टोप काचतंतूंचा असेल तर फटीच्या कडा उतरत्या घासून आतून काचतंतूंचे कापड आणि राळ यांचे थर चढवतात. बाहेरच्या बाजूला उरलेल्या बारीक खळग्यांत लांबी भरून ती सपाट घासली, की काम रंगाऱ्याच्या हाती जाते.

रंग सुटतो का?

जुन्या टोपावर रंग फुगलेला दिसतो, कधी त्याखाली वाळवीच्या रेघांसारख्या नागमोडी रेषा धावलेल्या असतात. याचे मूळ अ‍ॅल्युमिनियमच्या स्वभावात आहे. हवा लागताच या धातूवर ऑक्साइडचा थर बसतो. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतले दोन-चार भाग एवढीच त्याची जाडी. हाच थर धातूला वाचवतो. खाऱ्या पाण्यातील क्लोराइड मात्र त्याला ठिकठिकाणी भेदते. शेजारी पितळी किंवा स्टेनलेस स्क्रू असला तर खारे पाणी, दोन धातू, अशी घटमालाच तयार होते आणि त्यात झिजतो तो अ‍ॅल्युमिनियम.

म्हणूनच लोखंडावर चालणारे उपाय येथे चालत नाहीत. लोखंडावर पूर्वी शेंदराचे अस्तर देत. शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. अ‍ॅल्युमिनियमवर तेच अस्तर दिले तर दोन धातूंमुळे झीज उलट वाढते. जुना रंग काढायला कॉस्टिक सोडा लोखंडाला चालतो, पण अ‍ॅल्युमिनियमचा टोप त्यात बुडवला तर हायड्रोजनचे बुडबुडे सोडत सोडा धातूच खाऊन टाकतो. अ‍ॅल्युमिनियमसाठी १९३० च्या दशकापासून विमानांवर पिवळसर हिरव्या झिंक क्रोमेटचे अस्तर वापरात आले आणि पुढे ते आउटबोर्ड मोटरींवरही आले. त्यातील क्रोमेट थोडे थोडे विरघळते आणि रंगाला ओरखडा गेला तरी उघड्या जागेवर नवा संरक्षक थर धरू देते. रसायन गुणी, पण विषारी. त्याची धूळ फुप्फुसात गेल्यास कर्करोग होऊ शकतो. जुन्या रंगांत शिसेही असू शकते. म्हणून जाणकार माणसे जुना रंग कोरडा घासत नाहीत, वॉटर पेपर ओला ठेवूनच घासतात आणि नव्या कामाला क्रोमेटविरहित अस्तर निवडतात.

किती खरवडायचे?

इथे खरा प्रश्न उभा राहतो. टोप पूर्ण खरवडून चकचकीत केला की तो कारखान्यातून आत्ताच आल्यासारखा दिसतो. पण त्या घासण्यात काय काय गेले? मूळ रंग गेला. मूळ अस्तर गेले. मधल्या काळात कोणी भाड्याच्या नावेचा क्रमांक हाताने रंगवला असेल, कोणी घरच्या दाराचा उरलेला रंग फासला असेल, तेही गेले. आपल्याकडे जुने नाणे सापडले की चिंच लावून घासायची सवय असते. नाणे लखलखते आणि त्यावरची अक्षरे झिजतात, त्यातलाच हा प्रकार.

उलट काहीच करू नये असेही नाही. रंगाखाली झीज चालू असेल तर ती थांबवलीच पाहिजे, नाही तर साक्षीदारच नाहीसा होईल. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये व्हेनिस येथे मान्य झालेल्या सनदेत एक तत्त्व आहे : जेथे तर्क सुरू होतो तेथे पुनर्रचना थांबली पाहिजे. टोपासारख्या लहान वस्तूलाही ते लागू पडते. मूळ रंग बऱ्यापैकी शाबूत असेल तर धुऊन, पुसून, मेण लावून तो तसाच ठेवावा. रंग आधीच कोणी बदललेला असेल आणि पुन्हा रंगवायचेच असेल, तर आधी मूळ रंग शोधावा.

तो शोधण्याची रीत सुंदर आहे. बिजागरीमागे, खिट्टीखाली, जेथे ऊन पोचलेले नाही अशा जागी रुपयाएवढा भाग बारीक वॉटर पेपरने उथळ वाटीसारखा घासायचा. मध्यभागी धातू उघडा पडतो आणि भोवती एकेका थराचे वलय दिसते. झाडाच्या वलयांत बाहेरचे वलय सर्वांत नवे, तसेच येथेही. धातूला लागून अस्तर, मग कारखान्याचा रंग, मग नंतरचे हात. २०२२ मध्ये सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जाड थर काढल्यावर आतले मूळ रूप दिसले, हे अनेकांना आठवत असेल. रंगाचा थर म्हणजे काळाचा थर, हे तेथे सर्वांनी पाहिले.

चांगले काम करणारे लोक या वलयांचे छायाचित्र घेतात, आतल्या बाजूचा तळहाताएवढा भाग मुद्दाम न रंगवता ठेवतात आणि टोपाच्या आत केलेल्या कामाची नोंद व तारीख लिहितात. पुढच्या माणसाला मूळ काय आणि नंतरचे काय, हे कळावे म्हणून.

वर्गात करून पाहण्यासारखे

यासाठी इंजिन लागत नाही. डब्याच्या पत्र्याचे तुकडे घ्यावेत. प्रत्येक गटाने आपल्या तुकड्यावर स्वतः ठरवलेल्या क्रमाने चार-पाच वेगळे रंग, प्रत्येक थर पूर्ण वाळू देऊन, द्यावेत आणि क्रम गुपचूप लिहून ठेवावा. मग तुकड्यांची अदलाबदल करून दुसऱ्या गटाने ओल्या वॉटर पेपरने वाटी घासून क्रम ओळखावा. शाळेची जुनी दारे-खिडक्या मात्र मुलांना घासायला देऊ नयेत. घरगुती रंगातील शिशावर मर्यादा घालणारे नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाले आणि २०१७ च्या नोव्हेंबरात लागू झाले. त्याआधीच्या रंगांत शिसे असू शकते.

दुसरा प्रयोग त्याहून सोपा. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या मिठाच्या पाण्यात ठेवाव्यात. एकीला तांब्याची स्वच्छ तार घट्ट गुंडाळावी, दुसरी तशीच ठेवावी. रोज पाहून नोंद करावी. तारेजवळची पट्टी आधी का झिजते, याचे उत्तर मुलांनीच शोधावे.

आणि इतिहासाच्या तासाला साधनांची यादी म्हणून झाली की मुलांना घरातील एखादी जुनी वस्तू आणायला सांगावे. शिवणयंत्र, कंदील, रेडिओ, काहीही. तिच्यावर किती हात फिरले आहेत, कोणता भाग मूळचा आणि कोणता नंतरचा, हे त्यांनी लिहावे. तसे लिहिताना काही मुले वस्तू आधी घासून-पुसून चकचकीत करून आणतील. त्यांना रागवू नये. घासण्यापूर्वी तिच्यावर काय होते, एवढेच विचारावे.